मापसाहेबांची शंभर बटणं

निवृत्तीच्या दिवशी मापसाहेबांनी वजनमाप खात्याला सगळं परत केलं. शिक्का दिला, कपाटाची किल्ली दिली, पितळी वजनांची पेटी मोजून दिली. गळ्यातलं ओळखपत्र काढून देताना मात्र त्यांचा हात थांबला, असं तिथले शिपाई अजून सांगतात. एकतीस वर्षं ते ओळखपत्र छातीवर डोलताना दिसलं की बाजारातले तराजू आपोआप सरळ व्हायचे. ते गेल्यापासून भाजीवालासुद्धा त्यांच्या डोळ्यांदेखत काट्याला बोट लावायला लागला होता. त्यामुळे लोकांची मतं गोळा करणाऱ्या एका संस्थेला 'प्रामाणिक, निवृत्त आणि जिने चढू शकणारी' माणसं हवी आहेत आणि कामासाठी ओळखपत्र मिळणार आहे, एवढं वाचल्यावर त्यांनी पुढचं काही वाचलंच नाही. मानधन किती, असं बायकोने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "फीत निळी आहे."

विषय होता परदेशांना मदत. आपल्या देशाने दुसऱ्या देशांना मदत करावी का, करावी तर किती, आणि उद्या आपल्यावर वेळ आली तर दुसऱ्यांची मदत घ्यावी का. साहेबांच्या वाट्याला त्यांचीच चोवीस घरांची इमारत आली. हे तर घरबसल्या काम, असं त्यांना वाटलं. आयुष्यात ज्यांना ज्यांना असं वाटलं त्यांचं पुढे काय झालं, हे सगळ्यांना माहीत आहे.

नियम समजावून सांगायला संस्थेची पर्यवेक्षक आली होती. वयाने साहेबांच्या मुलीएवढी, पाठीला पिशवी, आणि पहिल्याच वाक्यात 'काका'. साहेबांना ते लागलं, पण त्यांनी गिळलं.

"काका, एका घरात एकाचंच मत घ्यायचं. घरातल्या ज्या मोठ्या माणसाचा वाढदिवस सगळ्यात आधी येतो, त्याचं. तोंडून ऐकलेलंच लिहायचं, मनाचं काही नाही. मी नंतर चिठ्ठी काढून एखादं घर तपासणार. एक जरी अर्ज खोटा निघाला तरी सगळा गठ्ठा बाद, आणि ओळखपत्र परत."

"बाई," साहेब छाती काढून म्हणाले, "पाव ग्रॅमसाठी मी दुकानं बंद केली आहेत. माझ्या मापात पाप निघालं तर हे ओळखपत्र मी स्वतः काढून तुमच्या हातात देईन."

माणसाने अशी वाक्यं बोलू नयेत. निदान साक्षीदारांसमोर तरी.

अर्जातला दुसरा प्रश्न होता, सरकारच्या खर्चाचे शंभर भाग केले तर त्यातले किती परदेशांच्या मदतीला जातात असं तुम्हाला वाटतं. तिसरा, किती जायला हवेत. लोकांना शंभर भाग डोळ्यांसमोर येणार नाहीत, हे साहेबांनी ओळखलं. मापाच्या माणसाला मापच सुचणार. त्यांची बायको घरी कपडे बेतून द्यायची, आखूड करायची, सैल करायची. तिच्या बटणांच्या डब्यातली शंभर बटणं मोजून घ्यायची आणि प्रत्येक घरात टेबलावर ओतायची. लोकांनी आपापला ढीग करायचा.

डबा जुना होता. पत्र्याचा, कडांना गंजलेला, वर एक निळी गाय आणि गायीखाली कुठल्याशा लिपीतली वळणदार अक्षरं. तेहतीस वर्षांत ती कुणी वाचली नव्हती, कारण ती कुणाला वाचता येत नव्हती.

"बटणं न्या, पण डबा जपा," बायको म्हणाली. "आईचा आहे."

"अगं, देशाचं काम आहे. डब्याचं काय घेऊन बसलीस?"

पहिलं घर तळमजल्यावरच्या औषधवाल्याचं. त्याने पहिल्या प्रश्नाला ठणकावून 'नाही' सांगितलं. "आधी पोटोबा मग विठोबा, मापसाहेब. आपल्या गल्लीतला खड्डा बघा, आणि निघाले जगाला द्यायला!" किती जात असेल असं विचारल्यावर त्याने दोन्ही हातांनी बटणं ओढून भलामोठा ढीग केला. साहेबांनी मोजली, चाळीस.

"आणि किती जायला हवीत?"

औषधवाल्याला आपल्याच ढिगाची दया आली. "अगदीच माणुसकी सोडायची नाही. दहा."

आता नियमाप्रमाणे साहेबांनी बंद पाकिटातला कागद काढून वाचला. खरा आकडा अर्ध्या भागाहूनही कमी होता. अर्धं बटण दाखवायचं कसं? डब्याच्या तळाशी एक तुटकं पांढरं बटण निघालं, ते साहेबांनी टेबलाच्या मधोमध ठेवलं. औषधवाल्याने ते उचलून उजेडात धरून पाहिलं.

"म्हणजे तुमच्या मते मदत वीसपट वाढवायला हवी," साहेबांनी पेन सरसावलं.

"मी कमी करा म्हणतोय!"

"दहा म्हणालात."

"चाळीसाचे दहा! अर्ध्याचे दहा नाही!" औषधवाला उठून उभा राहिला. "तुम्ही आधी का नाही सांगितलं? माणूस फसवता का?"

साहेबांनी तोंडून ऐकलेलं सगळं लिहून घेतलं. त्या रकान्यात ते मावलं नाही, म्हणून समासात लिहिलं.

सहा घरं झाली आणि सातवं आलं ते साहेबांचं स्वतःचं. इथे एक बारीकशी अडचण होती. साहेबांचा वाढदिवस चार महिन्यांनी होता आणि बायकोचा एकोणीस दिवसांनी. म्हणजे मत बायकोचं. आणि साहेबांचं? साहेबांना तर या विषयावर केवढं मत होतं! दुसऱ्याला द्यायला आपण काय कुबेर, आणि दुसऱ्याकडून घ्यायला आपण काय भिकारी, हे त्यांचं वाक्य दोन दिवसांपासून तयार होतं. चोवीस घरांत जाऊन जगाची मतं ऐकायची, आणि आपलं कुणी विचारायचंच नाही!

बायको खिडकीशी बसून कुणाच्या तरी पडद्याला टीप घालत होती. मशीनचा आवाज चालू होता. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ही बाई साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवते, दोऱ्याचा वीतभर तुकडा टाकत नाही. ही कसली परदेशाला देणार? तेहतीस वर्षांत हिचं मत आपल्याला कळू नये? आणि साहेबांनी उभ्या उभ्या लिहून टाकलं. मदत करावी का: नाही. किती: शून्य. वेळ आल्यास घ्यावी का: कधीही नाही. आणि शेऱ्यात ते कुबेर-भिकाऱ्याचं वाक्य, बायकोच्या नावावर.

मशीन थांबलं. "माझा नंबर कधी येणार?"

"झाला तुझा."

"झाला?" तिने चष्म्यावरून पाहिलं. "बरं," म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं. हे 'बरं' साहेबांनी ऐकायला हवं होतं. पण ते तोपर्यंत डबा काखेत मारून आठव्या घराची घंटी वाजवत होते.

दहाव्या घरातल्या नव्या नवरा-बायकोत जुंपली. वाढदिवस तिचा आधी, पण उत्तरं तो द्यायला लागला. साहेबांनी त्याला तिथल्या तिथे फैलावर घेतलं. "अहो, संसार करायचाय ना? मग बायकोला काय वाटतं ते तिला विचारायला शिका. गृहीत धरू नका." नवरा ओशाळला, बायको साहेबांकडे देवमाणसाकडे बघावं तशी बघायला लागली, आणि साहेबांना आपण काय बोललो याचा पत्ताही लागला नाही. परदेशी मदतीचं उत्तर तिने 'हो' दिलं, त्याने दोन दिवस अबोला धरला.

बाराव्या घरात भूगोलाच्या निवृत्त मास्तरीणबाई राहायच्या.

"परदेशाला म्हणजे कोणत्या?"

"सर्वसाधारण परदेश, बाई."

"सर्वसाधारण परदेश नकाशात कुठे असतो?" बाईंनी भिंतीवरचा नकाशा खाली सोडला आणि हातात पट्टी घेतली. पुढचा पाऊण तास साहेबांनी राजधान्या सांगितल्या. अकरापैकी तीन बरोबर आल्या. "आधी अभ्यास करून या, मग मत मागा," म्हणून बाईंनी त्यांना परत पाठवलं. साहेब जिन्यात उभं राहून घाम पुसत होते, तेव्हा गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालेलं होतं.

खरा घोळ झाला एकोणिसाव्या घरात. तिथे सोसायटीचे अध्यक्ष राहतात. अध्यक्षांचा मदतीला विरोध नव्हता, पण अनुभव वाईट होता.

"समोरच्या इमारतीला आपण शिडी दिली. गेली तेव्हा पायऱ्या चौदा, आली तेव्हा तेरा. हे झालं रस्त्यापलीकडे. समुद्रापलीकडे काय होईल?"

"पण अध्यक्षसाहेब, त्यांची पाण्याची नळी गेली सहा वर्षं आपल्या गच्चीवर आहे."

"ते वेगळं. ती नळी आपल्याकडे सुरक्षित आहे." अध्यक्षांनी विषय बदलायला डबा पुढे ओढला. "हा डबा कुठला? ही अक्षरं आपली नाहीत."

"बायकोच्या माहेरचा आहे."

"हं." अध्यक्षांचा कुणावरही विश्वास नसतो, म्हणून तर त्यांना सतत निवडून देतात. त्यांनी बटणं मोजायला घेतली. एकदा मोजली, दुसऱ्यांदा मोजली, आणि फार मोठ्या समाधानाने मान वर केली. "मापसाहेब, तुमच्या शंभरात एक्क्याण्णवच आहेत."

एकतीस वर्षांत जे कुठल्या किराणावाल्याला जमलं नाही, ते त्यांनी स्वतः करून दाखवलं होतं. शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. चौदा नंबरच्या वहिनींनी स्वेटरला जुळणारी तीन काढून घेतली होती. "तुमच्याकडे ढीगभर होती की," त्या म्हणाल्या. औषधवाल्याच्या कोटाच्या बाहीवर दोन नवी बटणं चमकत होती. बाकी चार कुठल्या सोफ्यांखाली गेली, देव जाणे. आणि शंभराचं माप नक्की कुठल्या घरापासून कमी पडलं, हे आता सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या कुणी खांदे उडवले असते. साहेबांनी सगळे अर्ज फाडले, पुन्हा शंभर बटणं मोजली, डब्याच्या झाकणाला दोरा बांधून गाठीवर लाख लावली आणि पहिल्या घरापासून दुसरी फेरी सुरू केली.

तोपर्यंत जिन्याजिन्यात चर्चा होऊन इमारतीची मतं पार फिरली होती. औषधवाला दारातच कडाडला, "अर्धं बटण! जगात तोंड दाखवायला जागा आहे का आपल्याला? पाच तरी द्या!" पहिल्या फेरीत हो म्हणणारे आता 'घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं' म्हणत होते. दहाव्या घरातल्या नवऱ्याचं मत आता बायकोसारखं होतं, फक्त बायकोने ते बदललं होतं. मास्तरीणबाईंनी सहा राजधान्या बरोबर आल्यावर उत्तरं दिली, तीही पूर्ण वाक्यात. अध्यक्षांनी तर सभेची नोटीसच लावली: 'परदेशांना मदत याविषयी इमारतीचं एकच मत ठरवणे.' चोवीस जणांचं चोवीस प्रकारचं मत बाहेर गेलं तर सोसायटीत फूट आहे असं दिसेल, असं त्यांचं म्हणणं. सभेला पुरेसे लोक आले नाहीत म्हणून ती अर्धा तास तहकूब झाली, आणि तेवढ्या वेळात आलेले लोकही घरी गेले. साहेबांनी मग एकेका दारात उभं राहून एकेकाचं खरं मत मिळवलं. पाय सुजले, आवाज बसला, पण तेवीस अर्ज असे झाले की सोन्याच्या काट्यावर घालावेत.

चोविसावा, म्हणजे सात नंबरचा, त्यांनी आठवून पुन्हा तसाच लिहून काढला. बायकोचं मत काय, चार दिवसांत थोडंच बदलणार होतं!

शनिवारी सकाळी पर्यवेक्षक आली. चहा झाला. साहेबांनी गठ्ठा पुढे केला आणि दोन फेऱ्यांची हकिगत लाखेच्या गाठीसकट सांगितली. ती खरोखर भारावली. "काका, असं काम मी कुणाचं पाहिलं नाही," म्हणाली, आणि नियम म्हणून एका वाटीत चिठ्ठ्या टाकून एक उचलली.

"सात नंबर. अरे, हे तर इथलंच! काकू, या ना जरा बाहेर."

साहेब कप खाली ठेवून तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

बायको पदराला हात पुसत येऊन बसली. पर्यवेक्षकेने साहेबांचा अर्ज मांडीवर उलटा ठेवला आणि कोरा कागद घेतला. "काकू, आपल्या देशाने दुसऱ्या देशांना मदत करावी का?"

"हो, करावी."

पर्यवेक्षकेच्या पाठीमागे उभ्या साहेबांनी जोरजोरात मान हलवली.

"अहो, मान आखडली का तुमची? शेकून देते नंतर." बायको पुन्हा मुलीकडे वळली. "पुढचं विचार बाळ."

"आणि उद्या आपल्यावर संकट आलं तर दुसऱ्यांची मदत घ्यावी का?"

"घ्यावी का काय? घेतली आहे की."

मुलीने पेन थांबवलं. साहेबांनी मान थांबवली.

"मी सात वर्षांची होते," बायको म्हणाली. "आमच्या गावात पूर आला. बावीस दिवस आम्ही शाळेत राहिलो, एका वर्गात अकरा घरं. तिसऱ्या दिवशी ट्रक आला. दुधाच्या भुकटीचे डबे होते, त्यावर हे असंच काहीतरी लिहिलेलं." तिने टेबलावरचा डबा फिरवून निळी गाय समोर आणली. "हेडमास्तरांनी डबा उलटासुलटा करून पाहिला, त्यांनाही वाचता आलं नाही. कुठल्या देशाचा, कुणी पाठवला, अजून माहीत नाही. आणि खरं सांगू? ते दूध मला मुळीच आवडलं नाही. ओकले मी पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी आईने पुन्हा दिलं, ते प्यायले. दुसरं होतंच काय? माझा धाकटा भाऊ तर दीड वर्षाचा होता, तो त्याच्यावरच जगला. पूर ओसरला तेव्हा आईने हा डबा सांभाळून ठेवला."

साहेब त्या डब्याकडे बघत राहिले. हा डबा काखेत घेऊन ते दोन फेऱ्यांत दारोदार फिरले होते. तेहतीस वर्षं तो त्यांच्या घरात होता, त्यातलं बटण लागलेला शर्ट आत्ताही त्यांच्या अंगात होता. आणि तो कुठून आला, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

पर्यवेक्षकेने उलटा अर्ज सुलटा केला. 'नाही. शून्य. कधीही नाही.' शेऱ्यापर्यंत वाचून झाल्यावर तिने वर पाहिलं. ती काही विचारणार एवढ्यात साहेब पुढे झाले.

"हा अर्ज मी लिहिला. तिला न विचारता." त्यांचा आवाज फारच बारीक झाला होता. "दोनदा." मग त्यांनी गळ्यातून निळी फीत काढली. ती चष्म्यात अडकली, चष्मा खाली पडला, तो बायकोने उचलला, आणि असा सगळा सोहळा होऊन ओळखपत्र एकदाचं टेबलावर आलं.

"काका, बाकीचे तेवीस तर खरे आहेत ना?" मुलीला वाईट वाटत होतं. "मी वर बोलून बघू का?"

"नको. पाव ग्रॅमच्या वेळी मी कुणाचं ऐकलं नव्हतं."

मुलीने ओळखपत्र पिशवीत ठेवलं आणि चोवीस कोऱ्या अर्जांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "हे पूर्ण झाले की ओळखपत्र परत आणून देते. साहेब," ती दारातून म्हणाली. हा शब्द ऐकायला साहेब इतके दिवस आसुसले होते, आणि तो आज नेमका नको होता.

ती गेल्यावर साहेबांनी खुर्ची ओढली, बायकोच्या समोर बसले, मशीनवरचा पडदा बाजूला सारून पहिला कोरा अर्ज पसरला. घर क्रमांक सात. त्यांनी डब्याची गाठ सोडून बटणं ओतली.

"शंभरातली किती जायला हवीत, असं तुला वाटतं?"

बायकोने बटणांना हातच लावला नाही. तिने रिकामा डबा उचलला, आत बोट फिरवून पाहिलं. "शेजारणीचा डबा आपण कधी रिकामा परत पाठवला आहे का?"

"नाही."

"मग हा पन्नास वर्षं राहिलाय आपल्याकडे."

"अगं, पण आकडा सांग ना. इथे आकडाच लिहायचा आहे."

"आकडा तुमच्या कागदाला हवा आहे. मला डबा भरून पाठवायचा आहे, एवढंच."

साहेबांनी पेन उचललं. रकान्यात ते मावणार नव्हतं, समासातही नाही. त्यांनी कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिच्या तोंडून ऐकलं तसंच लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मग बटणं एकेक मोजून डब्यात भरली. शंभर भरली. तुटकं वेगळं ठेवलं.

"आणि तुमचं काय मत?" बायकोने विचारलं.

इतक्या दिवसांत, दोन फेऱ्यांत, चाळीसएक घंट्या वाजवून, हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. साहेबांनी तोंड उघडलं. ते कुबेराचं वाक्य ओठांपर्यंत आलं. त्यांनी निळ्या गायीकडे पाहिलं, तोंड मिटलं, आणि डबा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला.

"माझा वाढदिवस नंतर येतो," ते म्हणाले, आणि औषधवाल्याची घंटी वाजवायला खाली उतरले.